स्पिरुलिना गाळताना

मी स्पिरुलिना, म्हणजे टाकीत वाढवलेलं खायचं सूक्ष्म शेवाळ, गाळते ते कापड स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांचं आहे. पॉलिएस्टरचं, सेंटीमीटरला 120 धाग्यांचं. एका सेंटीमीटरचे 10,000 मायक्रॉन. त्याला 120 ने भागलं की 83, त्यातून धाग्याची जाडी वजा केली की फट उरते साधारण 50 मायक्रॉनची. स्पिरुलिनाचा तंतू जाडीला जेमतेम 8-10 मायक्रॉन, पण लांबीला काही शे मायक्रॉन आणि वर मळसूत्री. त्या लांबीमुळे आणि पिळामुळेच तो कापडात अडकतो.

ऐरोलीला आमच्या गच्चीवरची टाकी बघायला येणारे सगळे वाढवण्याबद्दल विचारतात. खाण्याचा सोडा किती, ऊन किती, ढवळायचं कधी. गाळण्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरी मेहनत तिथेच आहे. हिरवंगार दिसणाऱ्या पाण्यात सुकं शेवाळ म्हणाल तर लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. 100 लिटर गाळावं तेव्हा सुकल्यावर 50 ते 100 ग्रॅम हाती येतं.

मी पहाटे गाळते. रात्रभरात पेशींतली साखर खर्च झालेली असते, म्हणून सकाळच्या शेवाळात प्रथिनांचं प्रमाण जास्त मिळतं. शिवाय ऊन चढलं की ओला लगदा लवकर खराब होतो. पाणी बादलीने, हलक्या हाताने ओतायचं. साध्या पंपाची पाती तंतू तोडतात आणि तुकडे फटीतून निसटतात. थोड्या वेळात कापडावर थर बसतो, पाणी तुंबतं. इथे सगळ्यांना दाबायचा मोह होतो. दाबू नका. कापडाची चारी टोकं धरून झोळी हलवली की थर सुटून गोळा होतो आणि पाण्याला पुन्हा वाट मिळते. वरचं पाणी गेलं की पुरचुंडी बांधायची आणि मग हळूहळू वजन चढवायचं. निथळणारं पाणी निळसर दिसायला लागलं तर थांबायचं, कारण पेशी फुटून फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य बाहेर येतंय. गाळलेलं पाणी मी टाकीतच परत ओतते. त्यात सोडा आणि क्षार तसेच असतात, ते फेकणं मला पटत नाही.

हेच काम आमच्या ठाणे खाडीत रोहित पक्षी करतात. लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो) या जातीच्या चोचीत बारीक पट्ट्यांची गाळणी असते आणि जीभ मागेपुढे होत पाणी आत ओढते, बाहेर टाकते. पूर्व आफ्रिकेतल्या सोड्याच्या तलावांवर त्याचं मुख्य अन्न स्पिरुलिनाच. इथे तो चिखलपाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट जाते. बाकीचे गुलाबी पंखांचे फोटो काढतात, मी चोचच बघत राहते.

कॉलेजातली मुलं क्लोरेला हे दुसरं सूक्ष्म शेवाळ घेऊन येतात तेव्हा मात्र माझं कापड कामाचं नाही. ती पेशी गोल, 2 ते 10 मायक्रॉनची. पाण्याबरोबर सरळ निघून जाते. बारीक गाळण कागद लावला तर तो बघता बघता बुजतो. मोठ्या प्रकल्पांत यासाठी आडव्या प्रवाहाचं मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा, वापरतात: पाणी पडद्याला समांतर धावतं आणि बसू पाहणारा थर सोबत वाहून नेतं. तरी पडदा हळूहळू बुजतोच, अधूनमधून उलटं पाणी सोडून धुवावा लागतो, आणि पंपाला वीज लागते ती वेगळीच. म्हणून पुष्कळ जण आधी पेशींचे पुंजके करून साका बसवतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तेच तत्त्व. पेशींवर ऋण भार असल्यामुळे त्या एकमेकींना दूर लोटतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं. पण ते ॲल्युमिनियम शेवाळातच राहतं, त्यामुळे खायच्या शेवाळाला तुरटी अजिबात नको.

खाण्यासाठी वाढवायचं तर मी मुलांना स्पिरुलिनाच सांगते. प्रयोगासाठी क्लोरेलाच हवी असेल, तर कोळंबीच्या सालीपासून बनणारं कायटोसान घ्या, किंवा पाण्यात मॅग्नेशियम असेल तर सामू (pH) 11 च्या आसपास नेऊन साका बसू द्या. वरचं पाणी नळीने काढा आणि खाली उरेल तेवढंच गाळा.