मेरी क्लेटनचा फाटलेला आवाज

आज दुपारी मेथी निवडताना हेडफोनवर रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचं 'गिमी शेल्टर' हे गाणं लावलं होतं. शेकडो वेळा ऐकलंय. पण आज नुसता गायिकेचा सुटा केलेला ट्रॅक सापडला आणि हातातली जुडी हातातच राहिली.

मेरी क्लेटन. अमेरिकन गायक रे चार्ल्सच्या मागे कोरसमध्ये गाणारी मुलगी. 1969 साली लॉस एंजेलिसमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास तिला फोन आला, लगेच स्टुडिओत ये. ती गरोदर होती, झोपायच्या तयारीत होती, केसांना कर्लर लावलेले. तशीच गेली. 'मर्डर' या शब्दावर तिचा आवाज चिरतो, अक्षरशः फाटतो, आणि मागे बँडचा गायक मिक जॅगर भान हरपून ओरडलेला ऐकू येतो. तो ओरडा ऐकून माझ्या अंगावर काटा आला. घरी गेल्यावर तिचं मूल गेलं. पुढे कित्येक वर्षं हे गाणं तिला ऐकवत नव्हतं.

आणि अल्बमवर नाव काय छापलं? 'मेरी'चं स्पेलिंगच चुकीचं! मला याचा फार राग येतो.

2014 मध्ये मोटार अपघातानंतर तिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. तेव्हा तिने विचारलं, माझ्या आवाजाला काही झालं नाही ना? 2021 मध्ये तिचा नवा अल्बम आला, 'ब्यूटिफुल स्कार्स'. आता तोच लावलाय. मेथी अजून तशीच पडलीय.