मिशिगनच्या गॅरेजात 1990 ची मियाटा

जुनी स्पोर्ट्स कार घरी उघडून पुन्हा बांधतो आहे असे सांगितले की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंजिनची ताकद किती वाढवणार? माझ्या 1990 सालच्या माझदा मियाटाबद्दल हाच प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला की टर्बो बसवणार नाही हे उत्तर तोंडपाठ झाले. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आलेली ही गाडी मुळात ताकदीसाठी बनवलेलीच नव्हती. 1,597 सीसीचे म्हणजे 1.6 लिटरचे इंजिन, अमेरिकी नमुन्यात 116 अश्वशक्ती, वजन एक हजार किलोच्या आत, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक वर-खाली दोन भुजांनी धरलेले) आणि इंजिनची ताकद मागच्या चाकांना. तिचे सगळे सुख वळणावर आहे. त्यामुळे सुरुवातीलाच मी एक नियम घालून घेतला: आधी गाडी मूळ स्थितीला आणायची आणि सुधारणा करायच्या त्या शक्यतो याच घराण्यातल्या नंतरच्या मॉडेलांचे भाग वापरून. 1994 पासूनच्या 1.8 लिटरच्या गाड्या आणि 1998 पासूनची दुसरी पिढी यांत माझदाच्या अभियंत्यांनी पहिल्या गाडीतल्या उणिवा स्वतःच दुरुस्त केल्या होत्या. ते काम मी नव्याने शोधून काढण्याची गरज नव्हती.

गाडी डेट्रॉइटच्या एका उपनगरात मिळाली. मरिनर ब्ल्यू म्हणून ओळखला जाणारा निळा रंग, बिघडलेले छत, आणि मालकाच्या म्हणण्याप्रमाणे ‘किरकोळ’ गंज. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि इथे किरकोळ गंज हा शब्द विक्रेत्यांच्याच तोंडी ऐकू येतो. इंजिन तपासताना पहिली नजर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या टोकाकडे गेली. अगदी सुरुवातीच्या, म्हणजे 1991 च्या पूर्वार्धापर्यंतच्या इंजिनांत हे टोक आखूड असते. तिथली पुली पकडून ठेवणारी चावी (लोखंडाची छोटी पाचर) आणि तिची खाच कालांतराने झिजते, पुली डुलू लागते, आणि टायमिंग, म्हणजे इंजिनच्या भागांचा वेळेचा मेळ, सरकल्याने गाडी विनाकारण मंदावते. पुलीवर चार खाचा दिसल्या तर क्रँक आखूड टोकाचा आणि आठ दिसल्या तर नंतरचा मजबूत, ही ओळखीची खूण. माझ्या पुलीवर चारच खाचा होत्या, पण इंजिन चालू असताना पुली सरळ फिरत होती आणि चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, जवळजवळ सारखे भरले. इंजिन खाली न उतरवण्याचा निर्णय तिथेच झाला.

काम मात्र गंजापासूनच सुरू करायचे होते, कारण या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. दरवाजाखालची पेटीसारखी पट्टी, म्हणजे सिल, हीच तिचा कणा आहे. गंज तिथे का लागतो ते समजले की दुरुस्ती अर्धी सोपी होते. कापडी छताच्या मागच्या कडेने आत येणारे पावसाचे पाणी एका पन्हाळीत जमते आणि आसनांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली जाते. या नळ्या पाने आणि धुळीने तुंबल्या की पाणी सिलच्या मागच्या टोकाशी, चाकाच्या कमानीजवळ, साचून राहते. बाहेरून रंगावर चार बुडबुडे दिसतात तेव्हा आतला पत्रा गेलेला असतो. म्हणून पत्र्याला हात लावण्यापूर्वी मी नळ्या मोकळ्या केल्या आणि नवे छत बसवायचे ठरवले. पाण्याची वाट तशीच ठेवून केलेले वेल्डिंग म्हणजे पैशांचा चुराडा.

वेल्डिंग मी स्थानिक कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात शिकलो होतो, पण जाड पट्ट्यांवर शिकणे वेगळे आणि गाडीच्या पातळ पत्र्यावर काम करणे वेगळे. सलग ओळ ओढली की पत्रा तापून वाकतो किंवा सरळ भोक पडते. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मध्ये थंड होऊ द्यायचे, अशा पद्धतीने अख्खी शिवण हळूहळू भरावी लागते. या गाडीची पेट्रोलची टाकी आसनांच्या लगेच मागे, डिकीच्या अलीकडे असते, म्हणजे सिलच्या मागच्या टोकापासून हातभर अंतरावर. ती रिकामी करून काढून ठेवल्याशिवाय मी वेल्डिंग मशीनची वायर लावली नाही, आणि बॅटरीही काढली. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला, आधी आतला थर बसवला, मग बाहेरचा, आणि शेवटी पोकळीत मेण फवारले. सिल कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडवी सळई वेल्ड केली होती, नाहीतर उघड्या गाडीचे पोट खचून दरवाजा पुन्हा कधी नीट लागत नाही. या सगळ्या काळात घरची रोजची गाडी बाहेर बर्फात उभी होती आणि सकाळी काच खरवडण्याचे काम कोणाकडे असेल याबद्दल आमच्या घरी चर्चा झाली नाही. ते गृहीतच होते.

इंजिनच्या पुढच्या भागाचे काम त्यामानाने आनंदाचे होते. क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारे कॅम यांना जोडणारा टायमिंग बेल्ट 60,000 मैलांना बदलायचा असतो, आणि तो काढलाच आहे तर पाण्याचा पंप, टेन्शनर आणि कॅम व क्रँकची ऑइल सीलही बदलणे शहाणपणाचे, कारण खर्च भागांचा नसून तिथपर्यंत पोहोचण्याच्या श्रमांचा आहे. 1.6 च्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत, हा मोठा दिलासा. कॅमच्या दोन पुलींवर आय आणि ई अशा खुणा आहेत आणि त्या दोहोंमध्ये बेल्टचे 19 दात मोजून जुळवायचे. क्रँकला नवी चावी आणि नवा बोल्ट दिला आणि तो टॉर्क पान्ह्यानेच आवळला. आखूड टोकाच्या क्रँकसाठी दिलेला आकडा नंतरच्या क्रँकपेक्षा कमी आहे आणि इथे अंदाज चालत नाही. गिअरबॉक्सच्या तोंडाशी ठिबकणारे तेल पाहून अनेकांना मागच्या मोठ्या सीलचा, म्हणजे गिअरबॉक्स उतरवण्याच्या कामाचा, धसका बसतो. मियाटात ते तेल बहुधा सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला असलेल्या कॅम अँगल सेन्सरच्या एका छोट्या रबरी कडीतून येते. माझ्याही गाडीत तसेच निघाले. सेन्सर काढला की इग्निशनचे टायमिंग पुन्हा लावावे लागते: बोनेटखालच्या डायग्नोसिस पेटीत टीईएन आणि ग्राउंड ही दोन टोके तारेने जोडायची, टायमिंग लाइट पुलीवर धरायचा आणि सेन्सर फिरवत 10 अंशांवर आणायचे.

खरी झुंज सस्पेन्शनशी झाली. मागच्या खालच्या विशबोनच्या बाहेरच्या टोकाला एक लांब बोल्ट आहे, आणि मिठाच्या प्रदेशातल्या गाडीत तो बुशच्या (सांध्यात बसणाऱ्या रबरी गादीच्या) लोखंडी नळीशी एकजीव होतो. नट सहज सुटतो, बोल्ट मात्र हलत नाही. गंज सोडवणारे तेल, टॉर्चची आच, हातोडा, पुन्हा आच, असे सगळे करून एका बाजूचा निघाला. दुसऱ्या बाजूचा करवतीने दोन्हीकडून कापला. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, ज्यांवर बदलते ते एक्सेंट्रिक बोल्टही जुने ठेवण्यात अर्थ नव्हता. बुश रबराचेच घेतले. पॉलियुरेथेनचे बुश कडक असतात आणि ट्रॅकवर त्यांचे कौतुक होते, पण मिशिगनचे रस्ते पाहता रबराला पर्याय नाही, असे माझे मत आहे. रबरी बुशांबाबत एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळावी लागते: बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचे वजन चाकांवर असताना. गाडी घोडीवर, चाके लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते.

इथून पुढे नंतरच्या मॉडेलांचे भाग कामाला आले. बिल्स्टाइनच्या शॉकॅब्सॉर्बरांवर मी दुसऱ्या पिढीच्या गाडीचे वरचे माउंट बसवले, कारण त्यांत शॉकला वर जाण्यासाठी जास्त जागा मिळते आणि खड्ड्यात गाडी आपटत नाही. 1.8 च्या गाडीचे ब्रेक लावताना मूळचे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे भाग, तसेच चालतात. ब्रॅकेट, डिस्क आणि पॅड बदलले की पुढची डिस्क 235 वरून 255 मिलिमीटरची होते, आणि 14 इंची चाकेही अडत नाहीत. मागच्या कॅलिपरचा पिस्टन दाबून आत जात नाही, हे माहीत नसेल तर माणूस तासभर शिकंजा पिळत बसतो. मागच्या बाजूचा 14 च्या पान्ह्याचा बोल्ट काढून आतला स्क्रू 4 मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरवला की तो सरकतो.

सगळ्यात मोठा बदल डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या दातेरी पेटीचा. 1.6 चे डिफरन्शियल लहान आहे आणि माझ्या गाडीतले साधे होते, म्हणजे ओल्या वळणावर आतले चाक नुसतेच फिरायचे. 1.8 मधले टॉर्सन प्रकारचे, एका चाकाला नुसते फिरू न देणारे, डिफरन्शियल जसेच्या तसे बसते, पण त्याच्याबरोबर दोन्ही बाजूंचे शाफ्ट आणि मधला प्रॉपेलर शाफ्टही 1.8 चाच लागतो, म्हणून भंगारात काढलेल्या एकाच गाडीचा पूर्ण संच घेणे स्वस्त पडते. मियाटात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब तुळई असते. ती सोडण्यापूर्वी गिअरबॉक्सखाली जॅकचा आधार दिला नाही तर मागचा भाग झुकतो. दातांचे प्रमाण 4.30 वरून 4.10 झाल्याने महामार्गावर इंजिन थोडे शांत झाले आणि सिग्नलवरून निघताना किंचित सुस्ती आली. मला हा सौदा मान्य आहे.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, म्हणजे कूलंटची, वाट बदलण्याचा सल्लाही मिळाला होता. हे इंजिन मुळात गाडीच्या रुंदीत आडवे बसवण्यासाठीचे. इथे ते लांबीच्या दिशेने बसवताना पाण्याचा प्रवाह नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट पुढच्या टोकाला आणला गेला आणि मागच्या सिलिंडरांना पाणी तुलनेने कमी मिळते, हे खरे आहे. पण तो प्रश्न टर्बो बसवणाऱ्यांचा. नवा रेडिएटर टाकून मी तो विषय संपवला.

अलाइनमेंट बाहेरच्या दुकानात करून घेतली, आणि मोजमाप चालू असताना मी स्वतः चालकाच्या आसनावर बसून राहिलो. इतक्या हलक्या गाडीत माणसाच्या वजनाने कोन बदलतात. मिशिगनमध्ये गाडीची ठरावीक मुदतीची तपासणी नसते, त्यामुळे कागदपत्रांचे काम सोपे होते. पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते, पण त्या प्लेटवर मेळावे आणि प्रदर्शने सोडली तर मनसोक्त वापर फक्त ऑगस्टमध्ये करता येतो, म्हणून मी साधीच प्लेट घेतली.

राहिला एसी. या सालच्या गाडीत आर-12 वायू आहे, ज्याचे उत्पादन अमेरिकेत 1995 च्या अखेरीस थांबले. आर-134ए वर बदल करता येतो, पण त्यासाठी यंत्रणा रिकामी करून नव्या सील, ओलावा शोषणारा नवा ड्रायर आणि प्रमाणपत्रधारक कारागीर हवा. छत उघडता येणाऱ्या गाडीसाठी एवढा खर्च या वर्षी करायचा नाही असे ठरले आहे. कॉम्प्रेसर कापडात गुंडाळून गॅरेजच्या फळीवर ठेवला आहे आणि त्याच्या सीलची मागणी पुढच्या हिवाळ्यात नोंदवीन.