तारीख आतल्या बाजूला होती

म्हापशातल्या त्या दुकानावरून आजही जायची वेळ आली की माझी मान आपोआप दुसरीकडे वळते. गोष्ट मे महिन्याच्या शेवटची, 2025 सालची. पाऊस तोंडावर आलेला. आमच्या 2014 च्या अल्टोचे टायर इतके झिजले होते की खोबणीतल्या आडव्या पट्ट्या नक्षीच्या बरोबरीला आल्या होत्या. म्हणजे नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली. त्याखाली गेल्यावर ते टायर कायद्यानेही चालत नाहीत.

आधी स्वस्तातले सेकंड हँड बघितले. जहाजावर असलेल्या कुणाच्यातरी गाडीचे, नक्षी अगदी नवी, बाराशेला एक. हात फिरवला तर बाजूच्या भिंतीवर केसाएवढ्या चिरा. गाडी वर्षानुवर्षं अंगणात उन्हात उभी राहिली की टायर न झिजता म्हातारे होतात. ते सोडून नवे घ्यायचं ठरवलं. 145/80 आर 12, चार टायर, चोवीसशे पन्नासला एक. दुकानदाराने एक टायर समोर आणून आपटला, त्यावर 4824 दिसत होतं. 2024 चा, ताजा माल. मी खूश. चहा पीत बसलो, चारही बसवून घेतले आणि डिचोलीला घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गाडी धुताना दोन टायरांवर 4824 होतं, पण दोनांवर डीओटी ही अक्षरं होती (टायरचा ओळख-क्रमांक यांनीच सुरू होतो), पुढे काही अक्षरं, आणि शेवटी तारखेचे आकडेच नाहीत. पुन्हा म्हापसा.

दुकानातला पोरगा म्हणाला, "त्या टायरांवर तारीख छापत नाहीत." मालक? ते जेवायला गेलेत. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. शटर खाली आलं. मी गाडी त्याच शटरसमोर उभी ठेवली आणि आत बसून राहिलो. मे महिन्यातली दुपार, काचा उघड्या, वारा नाही. घरी जाऊन परत यावं असं दहा वेळा मनात आलं, पण एकदा गेलो की मी परत येणार नाही हे मला माहीत होतं, आणि बहुतेक त्यांनाही.

साडेतीनला मालक आले. डोळ्यांवर झोप. "पात्रांव, रबर हें, दूद न्हय!" म्हणजे साहेब, हे रबर आहे, दूध नव्हे. मी जॅक लावायला सांगितलं. कुरकुर करत लावला. मोबाईलची बॅटरी पेटवून मी गाडीखाली डोकं घातलं आणि चाकाच्या आतल्या बाजूला सापडलं: 1121.

आकडे बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला पूर्ण असतात. ती बाजू आत गेली की बाहेरून काही कळत नाही.

मालक लगेच म्हणाले, "बघा, नोव्हेंबर एकवीस." क्षणभर मीही मान हलवली. मग दुसऱ्या टायरवरचा 4824 आठवला. अठ्ठेचाळिसावा महिना कुठला असतो? पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. म्हणजे माझे दोन टायर मार्च 2021 चे, चार वर्षं गोदामात पडलेले, आणि भाव मात्र ताज्याचा. हे मी मोठ्याने म्हटलं तेव्हा बाकावरची दोन गिऱ्हाइकं उठून आपापल्या टायरांकडे गेली. त्यानंतर दोन टायर पटकन बदलून मिळाले. बसवणं आणि बॅलन्सिंगचे चारशे मात्र पुन्हा घेतलेच, आणि मी दिले. हे चारशे मला अजून टोचतात.

तेव्हा टायर रिमवर चढायच्या आधी चारही टायरांचे आकडे स्वतः वाचा आणि बिलावर लिहून घ्या. भाव ठरवताना बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह आणि अलाइनमेंट धरून किती ते विचारा, आणि जुन्या टायरांचे पैसे वजा करायला लावा. मी विसरलो होतो. दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे बसवा. पुढे बसवावेत असं सगळे म्हणतात, पण ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी घसरली तर ती सावरणं जास्त कठीण.

सहा महिने किंवा वर्षभर जुना टायर नाकारायचं कारण नाही. गाडी बनवणाऱ्या अनेक कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात, मिशेलिन दहा वर्षांपलीकडे वापरूच नका म्हणते.

चवथीनंतर, 22 सप्टेंबरला, टायरांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. तो जळफळाट वेगळाच.

आणि हो, स्टेपनी. तिच्याकडे मी परवा पहिल्यांदा पाहिलं. गाडीबरोबर आलेला तोच टायर, नक्षी कोरी करकरीत. शेवटचे दोन आकडे 14.