मेलबर्न : लेकाच्या वयाचा पुरावा देताना

१० डिसेंबर २०२५पासून ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूबवर खातं ठेवता येत नाही. आमची धाकटी चौदाची, तिचं खातं जाणारच होतं. आधी फोटो आणि मेसेज उतरवून घेतले. पोरगी रडली, मग शाळेच्या डायरीच्या मागच्या पानावर मैत्रिणींचे फोन नंबर लिहून आणले. व्हॉट्सअ‍ॅप बंदीत नाही, त्यामुळे सांगलीच्या आजीशी व्हिडिओ कॉल चालूच राहिले.

खरी खटपट झाली ती मोठ्याची. सतरा पूर्ण झालेत, पण एका अ‍ॅपला तो लहान वाटला. वय सिद्ध करा, सेल्फी व्हिडिओ द्या किंवा ओळखपत्र. त्यानं कपाटातून पासपोर्ट काढलासुद्धा. म्हटलं, थांब. नाव, जन्मगाव, पासपोर्ट नंबर, एवढं सगळं फक्त वय कळायला कशाला हवं? नोव्हेंबर २०२४मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या या कायद्यातच आहे की कंपनीला सरकारी ओळखपत्रावर अडून बसता येत नाही, दुसरा रास्त पर्याय द्यावाच लागतो. आणि वय तपासायला घेतलेली माहिती काम झालं की नष्ट करायची. मला या कायद्यातली हीच बाजू सगळ्यात मोलाची वाटते.

सेल्फी दिला. मान डावीकडे, उजवीकडे. निकाल आला, वय ठरवता येत नाही. सोळाच्या आसपासच्या मुलांचं वय चेहऱ्यावरून ताडताना यंत्रणा चुकते, हे सरकारनं करवून घेतलेल्या चाचणीतही दिसलं होतं. आम्ही फेरतपासणी मागितली, खिडकीपाशी उजेडात पुन्हा व्हिडिओ काढला आणि खातं सुरू झालं.

मी मात्र तिथं सोडलं नाही. व्हिडिओचं काय केलंत, असं कंपनीला लिहून विचारलं. आधी साचेबद्ध उत्तर आलं. पुन्हा लिहिलं, तेव्हा 'काढून टाकला' असं स्पष्ट कळवलं. ती मेल जपून ठेवली आहे.

इथल्या मराठी आया घाबरून विचारतात, आपल्याला दंड होईल का? नाही. मुलांना नाही, आईबापांनाही नाही. कंपनीला मात्र ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत होऊ शकतो.

कोल्हापूरचा भाऊ परवा फोनवर विचारत होता, आपल्याकडे मुलांच्या माहितीचं काय? भारतात २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. त्याला म्हटलं, संमती देताना आधी विचार, माझा पुरावा तुम्ही पुसणार कधी?