उत्तर देणारा आणि निर्णय घेणारा

मुंबईतल्या एका जाहिरात एजन्सीत मी चार वर्षे नोकरी केली आणि त्या काळात एका मोठ्या कंपनीच्या वतीने समाजमाध्यमांवर रोज शे-दीडशे अनोळखी माणसांकडे दिलगिरी व्यक्त केली. त्या कंपनीचे नाव येथे सांगत नाही, कारण तिच्या जागी दुसरी कोणतीही कंपनी असती तरी फारसा फरक पडला नसता. ग्राहकाला वाटत असे की आपल्याशी कंपनी बोलते आहे. प्रत्यक्षात अंधेरीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसलेला, त्या कंपनीच्या कचेरीत कधी पाऊलही न ठेवलेला मी बोलत असे. ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया आपला नोंदणीकृत क्रमांक डीएम करा’ (म्हणजे खासगी संदेशात पाठवा) हे वाक्य माझ्या बोटांत इतके बसले होते की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्याने गुडघेदुखीची तक्रार केली तेव्हा तेच टंकायला माझी बोटे सरसावली होती.

या कामाची रचना बाहेरून दिसते त्याहून बरीच वेगळी असते. एजन्सीत एक गट कंटेंटचा असतो. तो महिनाभर आधी कॅलेंडर तयार करतो, सणवार आणि क्रिकेटचे सामने त्यात भरतो आणि प्रत्येक पोस्टसाठी क्लायंटचे अप्रूव्हल मिळवत बसतो. दुसरा गट ओआरएमचा, म्हणजे कंपनीच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांना सांभाळण्याचा. मी त्यात होतो. कोणी कोठेही कंपनीचे नाव घेतले की सॉफ्टवेअर तो मजकूर उचलून आमच्यापुढे टाकत असे, त्याचे तिकीट तयार होत असे आणि त्या क्षणापासून घड्याळ सुरू होत असे. पहिले उत्तर अर्ध्या तासाच्या आत गेले पाहिजे, असा आमचा करार होता. तक्रार किती दिवसांत सुटली पाहिजे, याबद्दल मात्र त्याच करारात एक ओळही नव्हती. एजन्सीचे पैसे उत्तराच्या वेगावर ठरत असत, त्यामुळे आम्ही विलक्षण वेगाने काहीही न सांगणारी उत्तरे देत असू. तक्रारदाराच्या खात्यावर पंचवीस-तीस हजार फॉलोअर असतील तर तिकिटावर लाल खूण येत असे आणि क्लायंटला एस्कलेशनचा, म्हणजे ‘यात तातडीने लक्ष घाला’ असा, मेल जात असे. बाकीच्यांची तिकिटे रांगेत पडून राहत.

‘डीएम करा’ या सूचनेमागे एक खरे कारण आहे, ते सांगितले नाही तर माझ्या जुन्या सहकाऱ्यांवर अन्याय होईल. त्रासलेला माणूस रागाच्या भरात आपला मोबाईल क्रमांक सर्वांसमोर लिहून मोकळा होतो, आणि अशा क्रमांकांवर टपून बसलेले भामटे कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते खाते उघडून, तेच बोधचिन्ह लावून, ‘परतावा देण्यासाठी’ त्याला लगेच फोन करतात. पुढे ओटीपी मागितला जातो किंवा एखादे ॲप टाकायला सांगितले जाते आणि खाते रिकामे होते. (असे घडलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.) मात्र दुसरे कारण तितके सोज्ज्वळ नाही. चव्हाट्यावर मांडलेली तक्रार बंद दाराआड गेली की तिचे वजन निम्मे होते, हे कंपनीलाही ठाऊक असते आणि आम्हालाही होते.

उत्तर देणारा आणि निर्णय घेणारा यांच्यात अंतर असले की काय होते, याचे एक जुने उदाहरण नेस्ले या कंपनीचे आहे. मार्च २०१० मध्ये ग्रीनपीस या संघटनेने, किटकॅटमध्ये वापरले जाणारे पामतेल इंडोनेशियातली जंगले तोडून येते, असा आरोप करत मोहीम सुरू केली. कंपनीने त्या मोहिमेची चित्रफीत यूट्यूबवरून काढायला लावली, आणि त्यामुळे ती पाहण्याची उत्सुकता उलट वाढली. लोक कंपनीचे बोधचिन्ह विडंबित करून स्वतःचे छायाचित्र म्हणून लावू लागले आणि तिच्या फेसबुक पानावर लिहू लागले, तेव्हा पान सांभाळणाऱ्याने असे मजकूर काढून टाकू, अशी तंबी दिली आणि वाचकांशी खवचटपणे वाद घातला. शेवटी त्याच पानावर माफी मागावी लागली. खरे उत्तर मात्र मे महिन्यात आले, जेव्हा जंगलतोडीशी संबंध असलेल्या पुरवठादारांना दूर करण्याचे धोरण कंपनीने जाहीर केले. आजही हे प्रकरण त्या पानावरच्या उद्धटपणासाठी आठवले जाते, पण मला त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची कीव येते. पामतेल कोठून घ्यायचे हे त्याच्या हातात नव्हते. त्याच्या हातात फक्त कळफलक होता.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडचे आहे. सुरेश प्रभू नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते, आणि धावत्या गाडीतून प्रवाशांनी ट्विटरवर मदत मागावी व पुढच्या स्थानकावर तान्ह्या बाळासाठी दूध किंवा आजाऱ्यासाठी डॉक्टर हजर व्हावा, अशा बातम्या तेव्हा वरचेवर छापून येत. लोकांनी त्याचे श्रेय ट्विटरला दिले, पण माझ्या मते ते रेल्वेच्या जुन्या नियंत्रण कक्षांचे होते. कोणती गाडी या क्षणी कोठे आहे, ती पुढे कोठे थांबणार आहे आणि तेथे कर्तव्यावर कोण आहे, हे प्रत्येक विभागाच्या कंट्रोलला ट्विटर जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत असे. दिल्लीत आलेला संदेश संबंधित विभागाच्या व्यवस्थापकाकडे, म्हणजे डीआरएमकडे, वळवला की तेथे हुकूम देण्याचा अधिकार असलेला माणूस असे. आमच्या एजन्सीत नेमकी हीच कडी गहाळ होती.

अर्थात त्या व्यवस्थेत भेदभावही होताच. स्मार्टफोन, नेटवर्क आणि दोन ओळी इंग्रजी जमणारा वातानुकूलित डब्यातला प्रवासी मंत्र्यांपर्यंत पोहोचत होता. जनरल डब्यात दाराशी उकिडवा बसलेला पोहोचत नव्हता. आता रेल मदद ही रेल्वेची तक्रार-सेवा आणि १३९ हा क्रमांक आहे, त्यामुळे निदान साधा फोन असलेल्याला दार तरी उघडे झाले. रोजच्या लोकल प्रवाशाची मागणी तर याहून साधी असते. गाडी किती उशिरा आहे, एवढेच त्याला हवे असते, आणि ते तो बहुधा एम-इंडिकेटर या ॲपच्या चॅटवर दुसऱ्या प्रवाशांनाच विचारतो.

मुंबई पोलीस डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर आले आणि त्यांच्या शाब्दिक कोट्या गाजल्या. मला त्या आवडतात. मात्र त्यांचे अनुकरण करत प्रत्येक बँक, विमा कंपनी आणि पालिका विनोद करू लागली, तेव्हा माझी करमणूक संपली. नळाला चार दिवस पाणी नसलेल्या माणसाला कोटी ऐकायची नसते.

मराठीबद्दल फार लिहीत नाही, कारण लिहू लागलो तर थांबणार नाही. मराठीत लिहिलेल्या तक्रारीला हिंदी किंवा इंग्रजी टेम्प्लेट जाई, कारण मराठी टेम्प्लेटला अप्रूव्हलच नव्हते. दुसऱ्या शहरातून यंत्राने भाषांतरित होऊन आलेले गुढीपाडव्याचे शुभेच्छापत्र दुरुस्त करण्याचे काम मात्र न चुकता माझ्याकडे येई.

नोकरी सोडल्यानंतर माझा कंपन्यांच्या हँडलांशी संबंध उरला नाही, पण देवगडच्या एका बागायतदाराशी उरला आहे. त्यांच्याकडे एजन्सी नाही, कॅलेंडर नाही. व्हॉट्सॲप बिझनेसचे एक खाते आहे. डिसेंबर-जानेवारीत ते स्टेटसवर मोहोराचे फोटो टाकतात, अवेळी पाऊस झाला तर ‘यंदा पेटी उशिरा’ असे आधीच कळवतात, आणि भाव विचारला की आढी लावलेल्या आंब्यांचा फोटो पाठवून, आकारानुसार भाव सांगतात. गेल्या वर्षी आमच्या पेटीत काही आंबे साक्याचे, म्हणजे आतून पांढरट आणि खराब, निघाले. मी कापलेल्या फोडींचा फोटो पाठवला. दुपारची वेळ होती, त्यामुळे उत्तर यायला तीन तास लागले. आमच्या कराराप्रमाणे हा सपशेल नापास होण्याचा प्रकार झाला असता. दिलगिरीचा शब्दही त्यात नव्हता. बागेत चालता चालता बोललेला वीस सेकंदांचा आवाजी निरोप होता: ‘बघितलं मी. उन्हाचा फटका बसला त्या बाजूच्या झाडांना. किती निघाले तेवढे सांगा, पुढच्या पेटीत जादा टाकतो.’

मी मोजून ‘सात’ असे लिहिले. पेटी आली तेव्हा त्यात आठ जादा होते.