कोर्सिया रिपोर्ट आणि गोपनीयतेचा अर्ज – माझा अनुभव

मी कुडाळला घरूनच एका एअरलाइनचा फ्युएल डेटा सांभाळतो. यावेळी वार्षिक एमिशन रिपोर्टसोबत गोपनीयतेचा अर्ज (म्हणजे काही आकडे जाहीर करू नका अशी विनंती) पण माझ्याकडेच आला, या कामात कोणी नवीन असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

कोर्सिया ही आयकाओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संस्थेची, इंटरनॅशनल फ्लाइट्सच्या सीओटूसाठीची स्कीम. इंटरनॅशनल फ्लाइट्समधून वर्षाला 10,000 टनांच्या वर सीओटू सोडणाऱ्या कंपन्यांना 2019 पासून रिपोर्ट द्यावा लागतो, आपल्याकडे तो डीजीसीएला, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाला जातो. ऑफसेटचं (म्हणजे सोडलेल्या सीओटूची दुसरीकडे भरपाई करण्याचं) बंधन भारताला 2027 पासून, पण मोजणी आधीपासूनच आहे. पुढे आयकाओ दोन देशांच्या जोडीप्रमाणे आकडे जाहीर करते, सगळ्या कंपन्यांची बेरीज करून, आणि खरी भानगड इथेच, कारण एखाद्या देशाला आपण एकटेच उडत असू तर बेरीज कसली, तो आपलाच आकडा झाला. समजा 3,160 टन सीओटू छापला, एक टन इंधन जाळलं की 3.16 टन सीओटू धरतात, म्हणून कोणीही 3.16 ने भागून 1,000 टन इंधन काढणार, शेड्यूलमध्ये 100 फ्लाइट्स दिसल्या की फ्लाइटमागे 10 टन, मग विमान किती भरून जातंय याचा अंदाज समोरच्याला बांधता येतो. देवगडचा बागायतदार किती पेट्या गेल्या ते सांगेल पण कुठल्या दलालाला काय भावाने ते नाही सांगणार, तसंच हे.

वरच्या साहेबांचं म्हणणं, "सगळ्यावरच कॉन्फिडेन्शियल टाका ना." मी म्हटलं सर, नियमात तसं नाही बसत. ज्या जोडीवर मोजक्याच कंपन्या आहेत तिथेच मागता येतं, लेखी, आणि धंद्याचं नुकसान नेमकं कसं होईल ते सांगून. ठरवणार सरकार. आणि मला हे मनापासून पटतं, धूर सगळ्यांच्या हवेत जातो, तो किती हे लोकांना कळायलाच हवं. गुप्त ठेवलेला आकडापण बेरजेतून सुटत नाही, नाव न लावता एकत्र मोजला जातोच.

रिपोर्ट तपासणाऱ्या बाहेरच्या व्हेरिफायर मॅडमना मात्र सगळं दाखवावं लागतं, फ्युएल स्लिप, टेक लॉग (विमानाची तांत्रिक नोंदवही), सगळं. एकाने विचारलं काही रूट झाकून देऊ का, त्या म्हणाल्या, "झाकलेलं तपासू कसं हो?" त्यांच्यावर गुप्ततेचं बंधन असतंच, तिथे घाबरू नका.

शेवटी जिथे आपण एकटेच आहोत तेवढ्याच जोड्या अर्जात घातल्या, प्रत्येकीचं कारण वेगळं लिहिलं, आणि दुसरी कंपनी नाही हे दाखवायला त्या वर्षाचं शेड्यूल जोडलं. ते आधीच काढून ठेवा, ऐन वेळी शोधत बसावं लागतं.