राजीनामा लिहिला नाही

2019 साली, मला चौथा महिना असताना, साहेबांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "मॅडम, तुम्हीच राजीनामा द्या, बरं दिसेल." हात थरथरत होता, पण सही केली नाही. रात्री कायदा वाचला. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालं असेल तर पगारी प्रसूती रजा मिळते. पहिल्या दोन मुलांसाठी 2017 पासून 26 आठवडे. त्या रजेवरून कामावरून काढणं बेकायदा. सकाळी लेखी अर्ज दिला आणि पोच मागून घेतली. तो जांभळा आवक शिक्का अजून जपून ठेवलाय. बायांनो, एकदा सही केली की जबरदस्ती झाली हे सिद्ध करताना दमछाक होते. माझ्या आधी एक मैत्रीण त्याच टेबलावर सही करून गेली. तिच्यासाठी अजून जीव तुटतो.